दीड वर्ष सत्तेत, बाकी सारे विरोधात

नोव्हेंबर २०२४ च्या निकालाने कोल्हापूर जिल्ह्यात एक गोष्ट घडवली आणि तिची चर्चा म्हणावी तशी झाली नाही. दहाच्या दहा विधानसभा जागा महायुतीच्या किंवा निकालानंतर तिच्या मागे उभ्या राहिलेल्यांच्या झाल्या. चंदगडपासून शिरोळपर्यंत सरकारला आडवा प्रश्न विचारणे हेच ज्याचे काम, असा आमदार विधानसभेत एकही उरला नाही. विधान परिषदेत सतेज पाटील विरोधी बाकावर आहेत, हाच काय तो अपवाद. राज्याचेही तेच. २८८ जणांच्या सभागृहात एक दशांश म्हणजे २९ जागा कोणत्याच विरोधी पक्षाला गाठता आल्या नाहीत आणि विरोधी पक्षनेत्याची खुर्ची रिकामी राहिली.

लोकांनी मते दिली, तो त्यांचा अधिकार. पण विजयाच्या मिरवणुकांत गुलाल उधळताना एक वाक्य सर्रास ऐकू येत होते: ‘आता सगळे सत्तेत, आता कामे होणार.’ विरोधात बसलेला आमदार म्हणजे वाया गेलेला आमदार, हा समज त्या वाक्यात ठासून भरलेला आहे. तो खरा मानायचा, तर या शहराने ज्यांना आपले मानले त्या प्रा. एन. डी. पाटील यांची सारी कारकीर्दच वाया गेली म्हणावी लागेल. ६० वर्षांहून अधिक सार्वजनिक जीवन, २३ वर्षे विधिमंडळात, आणि मंत्रिपद? जेमतेम दीड वर्ष.

नारायण ज्ञानदेव पाटील यांचा जन्म १५ जुलै १९२९ चा, वाळवा तालुक्यातल्या ढवळी गावचा. जिल्हा तेव्हा सातारा, आता सांगली. हा मुलूख प्रतिसरकारचा. क्रांतिसिंह नाना पाटलांचे येडेमच्छिंद्र याच तालुक्यात, नागनाथअण्णा नायकवडींचे वाळवे तर तालुक्याच्या नावाचेच गाव. बेचाळीसला एन. डी. तेरा वर्षांचे होते. ज्या वयात पोरे सुरपारंब्या खेळतात, त्या वयात सरकार नावाची वस्तू हटवता येते आणि गावातले लोक तिच्या जागी आपली उभी करू शकतात, हे त्यांच्या पिढीने आजूबाजूला पाहिले. पुढे ते पुण्यात अर्थशास्त्रात एम. ए. झाले, नंतर कायद्याची पदवीही घेतली. मधल्या काळात, १९५४ ते ५७, साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजात शिकवले. ‘कमवा आणि शिका’ योजनेतली मुले, वसतिगृह, आणि डोक्यावर खुद्द कर्मवीर भाऊराव पाटील. राजकारणात आलेल्या बहुतेकांच्या नावामागचे ‘प्राध्यापक’ चार दिवसांत गळून पडते किंवा नुसते शोभेला उरते. एन. डीं.च्या बाबतीत ते शेवटपर्यंत खरे राहिले, कारण सभा बिंदू चौकातली असो की सभागृहातली, ते तास घेतल्यासारखेच बोलत. आकडा, कलम, वर्ष, मग निष्कर्ष. भाषण दोन तास चाले आणि मधून उठायची कुणाची छाती होत नसे.

१९४८ साली ते शेतकरी कामगार पक्षात गेले. केशवराव जेधे, शंकरराव मोरे यांनी १९४७ मध्ये आळंदीत काँग्रेसमधल्या नाराजांची मोट बांधली. थोड्याच काळात ती मंडळी काँग्रेसबाहेर पडली आणि १९५० च्या दाभाडी अधिवेशनात पक्षाने मार्क्सवादाचा झेंडा हाती घेतला. बहुजन समाजाच्या खेड्यातल्या पोरांना हा पक्ष घरचा वाटे. मात्र त्याच्या नशिबी गळती होती. खुद्द जेधे १९५४ मध्ये काँग्रेसमध्ये परतले. यशवंतराव चव्हाणांनी बेरजेचे राजकारण मांडले आणि शेकापचे एकेक मोहरे त्या बेरजेत मिळवले गेले. एन. डी. त्या बेरजेत कधीच आले नाहीत. हा हट्ट होता की निष्ठा, यावर वाद घालता येईल. पण त्या हट्टाची किंमत त्यांना ठाऊक होती आणि ती त्यांनी आयुष्यभर हप्त्याहप्त्याने भरली.

या पक्षाचा एक चुलतभाऊ सातासमुद्रापार होता. १९३२ मध्ये कॅनडातल्या कॅल्गरी शहरात शेतकरी संघटना, कामगार आणि समाजवादी एकत्र आले आणि को-ऑपरेटिव्ह कॉमनवेल्थ फेडरेशन नावाचा पक्ष निघाला. मंदी आणि अवर्षणाने गव्हाचा शेतकरी धुळीला मिळाला होता. सस्कॅचेवान या गव्हाच्या प्रांतात टॉमी डग्लस नावाचा धर्मोपदेशक त्या पक्षाचा नेता झाला. स्कॉटलंडहून आलेल्या गरीब घरातला हा मुलगा. लहानपणी त्याचा पाय कापायची वेळ आली होती. एका शल्यविशारदाने विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी म्हणून फुकट शस्त्रक्रिया केली आणि पाय वाचला. ज्याला असा डॉक्टर भेटला नाही त्याचे काय, हा प्रश्न डग्लसने पुढे राजकारणात आणला. १९४४ मध्ये त्याच्या पक्षाला ५२ पैकी ४७ जागा मिळाल्या. तो १७ वर्षे प्रांताचा पंतप्रधान राहिला, १९४७ पासून प्रांतात रुग्णालयीन विमा लागू झाला आणि १ जुलै १९६२ ला, त्याच्या वारसदाराच्या हातून, सर्वांसाठी वैद्यकीय विमा. डॉक्टरांनी २३ दिवस संप केला. योजना टिकली. १९६४ मध्ये पक्ष हरला, नवे सरकार विरोधकांचे आले, तरी योजना टिकली. १९६६ मध्ये तिचा कायदा साऱ्या देशासाठी झाला.

शेतकरी-कामगारांचा प्रांतिक पक्ष काय करू शकतो, याचे हे उदाहरण. मग महाराष्ट्रात असे काहीच झाले नाही का? झाले. फक्त ते शेकापच्या नावावर जमा नाही. रोजगार हमी योजनेची पहिली चाचणी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापूरला झाली. कल्पना वि. स. पागे यांची. पागे विधान परिषदेचे सभापती आणि एन. डी. त्याच परिषदेतले आमदार. १९७२ च्या दुष्काळात डावे पक्ष, शेकाप, समाजवादी कामाच्या मागणीसाठी रस्त्यावर उतरले, सभागृहात सरकारला घाम फोडला आणि योजना राज्यभर पसरली. १९७७ चा कायदा दोन्ही सभागृहांनी एकमताने केला. तो अमलात आला २६ जानेवारी १९७९ ला. तेव्हा सत्तेवर शरद पवारांच्या पुलोद आघाडीचे सरकार होते आणि एन. डी. मंत्री. २००५ मध्ये देशाने त्याच धर्तीवर कायदा केला. काम मागेल त्याला काम, ही गोष्ट एका पक्षाची नव्हे. सत्ताधाऱ्यांनी ती आणली हे खरे, तसेच विरोधक मानगुटीवर बसले नसते तर ती फायलीतच राहिली असती, हेही खरे. या दुसऱ्या अर्ध्या वाट्याचे श्रेय आपण कुणाला देतच नाही.

आता त्या दीड वर्षाविषयी. १८ जुलै १९७८ ला शरद पवार मुख्यमंत्री झाले, वय ३७. एन. डी. त्यांच्या बहिणीचे, सरोजताईंचे यजमान आणि वयाने अकरा वर्षांनी मोठे. पवारांचे घर मुळात शेकापचेच. आई शारदाबाई त्या पक्षाच्या आणि थोरले बंधू वसंतराव १९६० मध्ये बारामतीच्या लोकसभा पोटनिवडणुकीत शेकापचे उमेदवार. धाकट्या शरदरावांनी त्या वेळी प्रचार केला तो मात्र काँग्रेसचा. अशा घरातल्या मेहुण्याच्या मंत्रिमंडळात एन. डी. सहकारमंत्री झाले. फेब्रुवारी १९८० मध्ये इंदिरा गांधींनी सरकार बरखास्त केले आणि गाडी-बंगला संपला. पश्चिम महाराष्ट्रात सहकारमंत्रिपद म्हणजे काय, हे कोल्हापूरकराला समजावून सांगायला नको. कारखान्याचा परवाना, बँकेवरचा प्रशासक, सूतगिरणीचे भागभांडवल, सगळ्याची किल्ली एका टेबलावर. त्या टेबलामागे बसलेला माणूस उठून गेला तेव्हा त्याच्या नावावर ना कारखाना होता, ना बँक, ना दूध संघ. त्यांच्या साधेपणाच्या गोष्टी पुष्कळ सांगितल्या जातात. त्यांत फार रमलो की माणूस जयंतीला हार घालण्यापुरता उरतो. इथे मुद्दा राजकीय आहे.

कारण कोल्हापुरात आमदारकीचा जिना संस्थांतून चढतो. ‘गोकुळ’ दूध संघाचीच निवडणूक घ्या. दूध घालणारा शेतकरी तिथे थेट मतदान करत नाही. गावच्या दूध संस्थेने ठराव करायचा आणि एका माणसाचे नाव पाठवायचे. तो ठरावधारक. लाखो उत्पादकांचा संघ, मतदार मात्र काही हजार. मग ठराव गोळा करण्याची धावपळ, कुणाच्या खिशात किती ठराव याची गणिते, मतदानाआधी ठरावधारकांच्या सहली, आणि मतदानाच्या दिवशी एका रंगाच्या टोप्या घालून गाड्यांतून उतरणारे जथे. हा जिना ज्यांनी बांधला त्यांनी जिल्ह्यात पैसाही आणला, हे नाकारण्यात अर्थ नाही. दर दहा दिवसांनी येणाऱ्या दूधबिलावर इथल्या कित्येक घरांच्या चुली पेटतात. पण संस्था हाती असलेल्या माणसाला सरकार दुखवून चालत नाही. कर्जाची हमी, वीजखरेदीचा करार, लेखापरीक्षणाचा अहवाल, सगळे मुंबईत अडकलेले असते. म्हणून सत्ता बदलली की पक्ष बदलतो. त्याला आपण संधिसाधूपणा म्हणून मोकळे होतो. तो बऱ्याचदा ताळेबंदाचा रेटा असतो. एन. डीं.ना सरकारशी भांडणे परवडले, कारण सरकारकडे अडकवण्यासारखे त्यांचे काहीच नव्हते.

ते फक्त एकदाच लोकांतून निवडून आले आणि तेही कोल्हापूर शहरातून. एरवी १९६० ते ६६ आणि १९७० ते ८२ ते विधान परिषदेत होते. १९८५ च्या मार्चमध्ये, राजीव गांधींची लाट अजून ओसरलेली नसताना, या शहराने काँग्रेसला बाजूला सारून शेकापचा माणूस विधानसभेत धाडला. तेव्हा पवार त्यांच्याच आघाडीत होते. १९८६ च्या डिसेंबरात पवार औरंगाबादेत राजीव गांधींच्या काँग्रेसमध्ये परतले. मेहुणे परतले नाहीत. १९८८ मध्ये पवार पुन्हा मुख्यमंत्री झाले तेव्हा एन. डी. समोरच्या बाकावर होते. दिवाळीला एकत्र जेवणाऱ्या दोन माणसांनी अधिवेशनात समोरासमोर बसावे, हे आज काहींना नाटक वाटेल. तेव्हा कुणाला तसे वाटले नाही.

१९९० ते २००८ ते रयत शिक्षण संस्थेचे चेअरमन होते आणि संस्थेचे अध्यक्ष शरद पवार. म्हणजे राजकारणात तोंडे वेगळीकडे, कामात खांद्याला खांदा. फी भरणाऱ्याचीच शाळा, या धोरणाविरुद्ध एन. डी. महाराष्ट्रभर बोलत फिरले. कुंभोजच्या भाऊरावांनी १९१९ मध्ये काढलेली संस्था हाताशी असल्याने तो विरोध हवेतला नव्हता. पर्याय चालवून दाखवता येत होता.

मंत्रिपदानंतर त्यांनी आणखी एकदा विरोधकाची भूमिका सोडून पाहिली. १९९९ मध्ये काँग्रेस आणि राष्ट्रवादीचे सरकार आले, शेकाप त्यात सामील झाला आणि एन. डी. लोकशाही आघाडीचे निमंत्रक झाले. सरकारला कार्यक्रमाची आठवण करून देणे, हे त्यांचे काम. ते जमले नाही. रायगड जिल्हा परिषदेत राष्ट्रवादीशी झालेल्या भांडणातून २००२ मध्ये शेकापने पाठिंबा काढला, विलासराव देशमुखांचे सरकार कसेबसे तरले, आणि निमंत्रकपद तिथेच संपले. धोरणाच्या प्रश्नावर नव्हे, तर एका जिल्ह्यातल्या स्थानिक कुरबुरीवर. आकडे आणि कलमे घेऊन मंत्रालयात गेलेल्या माणसाला त्याच्याच पक्षाच्या जिल्हा राजकारणाने तोंडावर पाडले. एन. डीं.वर लिहिणारे हा भाग घाईने ओलांडतात. पण त्यांच्या पक्षाचे काय बिनसले, हे इथेच दिसते. राज्याचा पक्ष म्हणून सुरू झालेला शेकाप अलिबाग आणि सांगोल्यापुरता आक्रसला होता. १९६९ ते ७८ आणि १९८५ ते २०१० एवढी वर्षे सरचिटणीस राहिलेल्या माणसाकडे त्या आक्रसण्याचा हिशेब मागायलाच हवा. पक्षाची भाषा दाभाडीच्या काळातली राहिली, पोरे दुसरीकडे गेली. कोल्हापुरात त्यांच्या मागे लढणारे पुष्कळ झाले, त्यांच्या जागी उभा राहील असा कुणी झाला नाही. २०२४ मध्ये राज्यभरात शेकापचा एकच आमदार आला, तोही सांगोल्यातून, पक्षाचे ज्येष्ठ नेते गणपतराव देशमुख यांच्या घरातला.

पक्ष आटला तसा माणूस मोठा होत गेला, असे विचित्र व्यस्त प्रमाण त्यांच्या बाबतीत दिसते. कृषिपंपांच्या वीजबिलांचे मोर्चे, एन्रॉनविरोध, सीमाप्रश्नाची तज्ज्ञ समिती, नरेंद्र दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे अध्यक्षपद. रायगडमध्ये रिलायन्सच्या महामुंबई सेझविरुद्ध ते ऐंशीच्या उंबरठ्यावर असताना उभे राहिले. त्या लढ्यात पेण भागातल्या २२ गावांत सप्टेंबर २००८ मध्ये सरकारला शेतकऱ्यांचे जनमत घ्यावे लागले आणि अखेर सेझ बारगळला.

पण कोल्हापूरकरांना एन. डी. आठवतात ते टोलमुळे. २००८ मध्ये शहरातल्या सुमारे ५० किलोमीटर रस्त्यांचे काम आयआरबी कंपनीला मिळाले. २२० कोटींचा प्रकल्प, वसुली ३० वर्षे, आणि टेंबलाईवाडीचा भूखंडही कंपनीच्या पदरात. करार झाला तेव्हा महापालिकेत फारशी खळखळ झाली नाही. शिरोली, सरनोबतवाडी, कळंबा, फुलेवाडी अशा वेशीवेशींवर नाक्यांचे सांगाडे उभे राहू लागले, तेव्हा लोकांच्या लक्षात आले की बाजाराला यायचे तरी पैसे आणि गावाकडे जायचे तरी पैसे. रस्त्याच्या कडेला विजेचे खांब तसेच, गटारी अर्धवट.

सर्वपक्षीय कृती समिती झाली. जानेवारी २०१२ च्या महामोर्चात शहर रिकामे होऊन रस्त्यावर आले. ८२ वर्षांचे एन. डी. आणि त्यांच्याबरोबर कॉम्रेड गोविंद पानसरे. ‘टोल देणार नाही’ एवढेच तीन शब्द, पण त्यामागे कराराचा कागद वाचून घेतलेला होता. काम पूर्ण झाल्याचा दाखला कुणी दिला, मोजमापे कुणी घेतली, प्रकल्पाची खरी किंमत किती, असे प्रश्न तालमीतल्या पोरांच्या तोंडी आले. तालीम, पेठ, रिक्षा संघटना, वकील, गृहिणी एका रांगेत. या शहरात मटणाच्या दरावरूनही आंदोलने होतात. तरी करार वाचून झालेले आंदोलन विरळाच. ऑक्टोबर २०१३ मध्ये वसुली सुरू झाली. जानेवारी २०१४ मध्ये नाके पेटले. न्यायालयात स्थगिती आली, उठली. १६ फेब्रुवारी २०१५ च्या सकाळी पानसरे पती-पत्नींवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि २० तारखेला कॉम्रेड गेले. त्याच्या दीड वर्ष आधी पुण्यात दाभोलकरांना असेच मारले होते. दोन्ही माणसे एन. डीं.च्या रोजच्या कामातली. तरी ८५ पार केलेला माणूस मांडवात येऊन बसत राहिला. डिसेंबर २०१५ मध्ये सरकारने कोल्हापूरचा टोल रद्द केला.

या काळात एन. डी. ना आमदार होते, ना खासदार. ज्यांच्याकडे पदे होती ते पुढारी बरेच दिवस हवा कुठली आहे ते पाहत होते. अर्थात कंपनीची भरपाई शेवटी सरकारी तिजोरीतून गेली, म्हणजे आपल्याच खिशातून. आणि टोल गेल्यावर रस्त्यांचे काय झाले, हे पावसाळ्यात दुचाकी चालवणाऱ्याला विचारावे. लढा ‘नको’ इथवर पोहोचला. रस्ते कुणाच्या पैशाने आणि कुणाच्या देखरेखीखाली करायचे, हा पुढचा प्रश्न रस्त्यावरच्या समितीच्या आवाक्यातला नव्हता. त्यासाठी सभागृहात बसून अर्थसंकल्प फाडून वाचणारा माणूस लागतो.

कॅनडाच्या संसदेने १९०५ मध्येच विरोधी पक्षनेत्याला सरकारी पगार सुरू केला. सरकारला अडवणारा माणूसही सरकारचेच काम करतो, हे मान्य केल्याशिवाय कुणी असा खर्च करत नाही. आपल्याकडे विरोधी आमदाराचा निधी अडवणे, हीच सत्ताधाऱ्यांची मर्दुमकी.

१७ जानेवारी २०२२ ला एन. डी. कोल्हापुरातच गेले. सहा महिने आधी गणपतराव देशमुख गेले होते. शोकसभांत सर्वपक्षीय भाषणे झाली, ज्यांच्या कारभारावर एन. डी. आयुष्यभर तुटून पडले तेही गहिवरून बोलले. पुढे शक्तिपीठ महामार्ग आला. वर्ध्याच्या पवनारपासून गोव्याच्या वेशीवरच्या पत्रादेवीपर्यंत ८०० किलोमीटरहून लांब, बारा जिल्ह्यांतून. कोल्हापुरात बागायती जमिनीचे शेतकरी चवताळून उठले. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर जिल्ह्यातल्या भूसंपादनाची अधिसूचना सरकारने मागे घेतली. मते पडली, दहाही जागा आल्या, आणि महामार्ग पुन्हा कागदावर आला. जिल्ह्यातले आमदार कुणी विरोधात, कुणी बाजूने, कुणी ‘आमच्या तालुक्यातून न्या’ म्हणणारे. पण बाहेर काहीही बोलले तरी सभागृहात मतदानाची घंटा वाजली की सगळ्यांना एकाच बाजूला बसायचे आहे. आखणी कशी ठरली, पुराच्या पट्ट्यात भराव टाकला तर पाणी कुणाच्या शिवारात शिरणार, मोबदल्याचा गुणक किती, हे प्रश्न शेतकरी मोजणीला आलेल्या अधिकाऱ्यापुढे बांधावर उभे राहून विचारत आहेत. विधानसभेत ते विचारायला जिल्ह्याकडे माणूस नाही.